वैद्यकीय इच्छापत्र कसे करावे: सहीच्या आधीचे आणि सहीनंतरचे टप्पे

अखेरच्या आजारपणात आपल्याला बोलता येत नसेल, तेव्हा कोणते उपचार करावेत आणि कोणते थांबवावेत, हे आधीच लिहून ठेवण्याची कायदेशीर सोय भारतात उपलब्ध आहे. न्यायालयाच्या भाषेत या कागदाला ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश’ म्हणतात आणि बोलताना लोक ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. या लेखात मी ‘वैद्यकीय इच्छापत्र’ हा शब्द वापरला आहे. गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांनी असे कागद मला वाचायला दिले. ते मनापासून केलेले होते, सहीशिक्क्यानिशी होते आणि तरीही त्यांतले बरेचसे ऐन वेळी निरुपयोगी ठरले असते.

चूक बहुधा क्रमात होते. लोक इंटरनेटवरून एखादा नमुना उतरवून घेतात, नाव-पत्ता भरतात, नोटरीकडे जातात आणि कागद कपाटात ठेवून निर्धास्त होतात. नोटरी हा खरे तर पाचवा टप्पा आहे. त्याआधीचे चार टप्पे गाळले तर कागदात काय लिहायचे हेच ठरलेले नसते, आणि त्यानंतरचे टप्पे गाळले तर तो कागद आहे हे कोणाला कळत नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. घाई नसेल तर पहिल्या चार टप्प्यांना मिळून महिना-दीड महिना सहज द्यावा.

टप्पा १: हा कागद काय करतो आणि काय करत नाही, हे पक्के करा

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात या कागदाला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया बरीच सोपी केली. आज लागू आहे ती २०२३ची प्रक्रिया. इंटरनेटवर अजूनही २०१८चे नमुने फिरतात. त्यांत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची जागा असते. ती जागा दिसली, की तो नमुना जुना आहे असे समजून बाजूला ठेवावा.

हा कागद लागू होण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. पहिली, आजार बरा होण्याची आशा उरलेली नसून उपचार केवळ मृत्यू लांबवत आहेत. दुसरी, रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही. आपण शुद्धीवर आहोत, समजून घेऊन बोलू शकतो आहोत, तोवर आपले तोंडी उत्तरच चालते. कागद बाहेर काढण्याचा प्रश्नच येत नाही. त्याचप्रमाणे अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला आणि बरे होण्याची शक्यता आहे, तर हा कागद असला तरी सर्व उपचार होतात. ‘कागद केला की डॉक्टर आपल्याला वाऱ्यावर सोडतील’ ही भीती अनेक ज्येष्ठांच्या मनात असते. ती निराधार आहे, आणि घरच्यांनी ती आधी दूर करावी.

जीव घेणारे इंजेक्शन द्यावे, असे या कागदात मागता येत नाही. ते भारतात बेकायदेशीर आहे आणि तसे वाक्य लिहिल्यास संपूर्ण कागदाबद्दल शंका निर्माण होते. येथे प्रश्न फक्त निष्फळ उपचार सुरू न करण्याचा किंवा सुरू केलेले थांबवण्याचा आहे.

*सावधान:* पुढील कागद वेगळे आहेत आणि ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

- मृत्युपत्र मालमत्तेबद्दल असते आणि मृत्यूनंतर अमलात येते. उपचारांबद्दलची इच्छा मृत्युपत्रात लिहिली, तर ते वाचले जाईपर्यंत तिची वेळ निघून गेलेली असते. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.
- मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली करता येणारा आगाऊ निर्देश केवळ मानसिक आजाराच्या उपचारांपुरता असतो. नाव सारखे असल्याने लोक त्याचाच नमुना भरतात.
- कुलमुखत्यारपत्र बँकेच्या आणि मालमत्तेच्या व्यवहारांसाठी असते. ज्याच्या नावे ते केले आहे, त्याला केवळ त्या जोरावर व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय घेता येत नाही.

टप्पा २: उपचार समजून घ्या

हा टप्पा बहुतेक जण पूर्णपणे गाळतात. ‘मला नळ्या नकोत’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीला कोणती नळी कशासाठी असते हे विचारले, तर उत्तर येत नाही. ज्या गोष्टीला आपण नकार देत आहोत तिची माहिती नसेल, तर तो नकार समजून दिलेला आहे असे कोणी मानणार नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची खास याच कामासाठी अर्ध्या तासाची वेळ मागून घ्यावी. तपासणीला गेल्यावर उठता उठता हा विषय काढू नये. सोबत वही न्यावी आणि पुढील प्रत्येक उपचाराबद्दल तीन प्रश्न विचारावेत: हा कशासाठी करतात, माझ्या वयात आणि माझ्या आजारांत याचा कितपत उपयोग होईल, आणि सुरू केल्यावर तो थांबवायचा झाल्यास काय होते?

*हृदय बंद पडल्यावरचे पुनरुज्जीवन, म्हणजे सीपीआर.* छाती जोराने दाबून आणि गरज पडल्यास विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याचा हा प्रयत्न असतो. तरुण व्यक्तीचे हृदय अचानक बंद पडले तर तो जीव वाचवतो. वृद्ध व्यक्तीत छाती दाबताना बरगड्या मोडणे सामान्य आहे, आणि आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर हृदय सुरू झाले तरी माणूस बहुधा अतिदक्षता विभागातून बाहेर येत नाही.

*व्हेंटिलेटर.* घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास दिला जातो. नळी असेपर्यंत बोलता येत नाही, तोंडाने खाता येत नाही आणि अनेकदा गुंगीचे औषध द्यावे लागते. एक-दोन आठवड्यांत यंत्र निघण्याची चिन्हे नसतील, तर गळ्याला छिद्र पाडून तेथून नळी घालण्याचा प्रस्ताव डॉक्टर मांडतात. नाकातोंडावर घट्ट मास्क लावून श्वासाला मदत करणारे बायपॅप हे यंत्र वेगळे. त्यात नळी घालावी लागत नाही आणि मास्क काढून दोन शब्द बोलता येतात.

*डायलिसिस.* मूत्रपिंडे थकली की यंत्राने रक्त शुद्ध करावे लागते. साधारण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. कधी हे काही दिवसांपुरते असते, कधी कायमचे. आपल्याबाबतीत यांपैकी काय आहे, हा प्रश्न डॉक्टरांना त्या वेळी विचारता येतो, आणि इच्छापत्रात या दोन परिस्थितींसाठी दोन वेगळी उत्तरे देता येतात.

*नळीने अन्न.* नाकातून पोटात जाणारी नळी, किंवा पोटाला छिद्र पाडून बसवलेली नळी. घरच्यांना सर्वांत जास्त छळणारा निर्णय हाच, कारण ‘आपण उपाशी ठेवतो आहोत’ ही टोचणी असते. शरीर शेवटाकडे चाललेले असताना भूक आपोआप मंदावते, आणि स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही. हाताने, रुग्णाला हवे तेवढेच, चमच्या-चमच्याने भरवणे आणि ओठ-जीभ ओली ठेवणे हा वेगळा पर्याय आहे. तो हवा असल्यास कागदात स्पष्ट लिहावा. आपल्या मुलांच्या मनावरचे मोठे ओझे त्याने उतरते.

यांखेरीज रक्तदाब टिकवून धरणारी औषधे, रक्त चढवणे, वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गासाठी शिरेतून दिली जाणारी प्रतिजैविके आणि घरून पुन्हा रुग्णालयात हलवणे, यांबद्दलही विचारून घ्यावे.

याच भेटीत वेदनाशमनाबद्दल, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरबद्दल, विचारायला विसरू नये. वेदना, धाप, मळमळ, अस्वस्थता यांवर शेवटपर्यंत उपचार होतात. मॉर्फिनसारखे औषध योग्य मात्रेत दिल्यास वेदनाही कमी होतात आणि धापही. उपचार थांबवणे म्हणजे काळजी घेणे थांबवणे नव्हे, हे रुग्णाला आणि घरच्यांना, दोघांनाही याच वेळी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावे.

*तपासा:* वहीत प्रत्येक उपचारापुढे ‘हवा’, ‘नको’ किंवा ‘काही दिवस करून पाहावा’ यांपैकी एक उत्तर आहे का? एखाद्यापुढे ‘माहीत नाही’ असेल तर हरकत नाही. तो निर्णय प्रतिनिधीवर, म्हणजे आपल्या वतीने बोलण्यासाठी आपण नेमलेल्या व्यक्तीवर, सोपवता येतो. पण तसे ठरवून सोपवावे, राहून गेले म्हणून नव्हे.

टप्पा ३: प्रतिनिधी निवडा आणि घरच्यांशी बोला

इच्छापत्रात एक किंवा अधिक पालक (गार्डियन) अथवा जवळचे नातेवाईक नमूद करावे लागतात. त्यांनाच मी येथे प्रतिनिधी म्हटले आहे. आपण निर्णय घेण्यास असमर्थ झालो, की इच्छापत्राला धरून उपचार नाकारण्यास किंवा थांबवण्यास संमती देणारी ही व्यक्ती असते. २०२३च्या बदलामुळे एकापेक्षा अधिक नावे देता येतात, आणि ती द्यावीतच. कारण एकच नाव असेल आणि ती व्यक्ती परदेशी असेल किंवा स्वतःच आजारी असेल, तर सर्व अडून बसते.

प्रतिनिधी निवडताना नात्याचा मान पाहू नये. थोरला मुलगा म्हणून त्याचे नाव, असा विचार बहुतेक घरांत आपोआप होतो. प्रत्यक्षात हवी असते ती अशी व्यक्ती, जी काही तासांत रुग्णालयात पोहोचू शकेल, डॉक्टरांना प्रश्न विचारू शकेल, रडणाऱ्या नातेवाइकांसमोर शांत राहील आणि स्वतःला पटत नसले तरी आपले म्हणणे मांडेल. शेवटचा गुण सर्वांत दुर्मीळ आहे. तो धाकट्या मुलीत, सुनेत किंवा भाच्यात असेल, तर तिचे किंवा त्याचे नाव लिहावे. एकाहून अधिक नावे देताना, पहिला उपलब्ध नसल्यास दुसऱ्याने निर्णय घ्यावा की दोघांनी मिळून, हेही लिहावे. मी स्वतः पहिला प्रकार सुचवते. दोघांची एकत्र संमती मागितली की मतभेदाची सोय आपणच करून ठेवतो.

नाव लिहिण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. ती नाही म्हणाली तर रागावू नये. तो नकार आत्ता मिळाला हे बरेच झाले.

त्यानंतर घरातल्या सर्वांना एकत्र बसवून आपला निर्णय सांगावा. परवानगी मागायची नसते, माहिती द्यायची असते. सर्वांत जास्त विरोध बहुधा अशा नातेवाइकाकडून होतो, जो लांब राहतो आणि शेवटच्या दोन दिवसांत येऊन पोहोचतो. ‘तुम्ही प्रयत्नच केले नाहीत’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघते, आणि वर्षभर सेवा केलेली माणसे कोलमडतात. म्हणून त्या लांबच्या माणसाला या बैठकीत फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर आवर्जून घ्यावे. ‘मी असे का ठरवले’ हे त्याने आपल्या तोंडून ऐकलेले असले, की पुढे प्रतिनिधीला ते पटवून देण्याची वेळ येत नाही.

*तपासा:* प्रतिनिधीला आपले म्हणणे त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. त्याचे सांगणे आणि आपल्या मनातले यांत फरक पडला, तर आपण नीट सांगितलेले नाही.

टप्पा ४: मसुदा लिहा

येथे एक घडलेली गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या मावशीने बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने एक कागद लिहून ठेवला होता. त्यात एकच वाक्य होते: ‘मला मशीनवर ठेवू नये.’ तिला न्यूमोनिया झाला, धाप वाढली आणि डॉक्टरांनी बायपॅपचा मास्क लावायचे ठरवले. मोठा मावसभाऊ म्हणाला, हे मशीनच आहे, आईची इच्छा मोडायची नाही. धाकटा म्हणाला, आईला असे म्हणायचे नव्हते. अतिदक्षता विभागाच्या बाहेर, त्या अरुंद बाकावर बसून, दोघे तासभर त्या चार शब्दांचा अर्थ लावत होते आणि आत मावशीचा श्वास चढत होता. शेवटी मास्क लावला. चौथ्या दिवशी तो निघाला आणि मावशी घरी आली. घरी आल्यावर तिने सांगितले, की तिच्या मनात काही वर्षांपूर्वी महिनाभर बेशुद्ध असलेले तिचे दीर होते. तीन दिवसांचा मास्क तिच्या मनात कधी आलाच नव्हता.

मोघम कागद असा दोन्ही बाजूंनी धोकादायक असतो. निकालातही हेच सांगितले आहे, की सूचना संदिग्ध असतील तर वैद्यकीय मंडळांनी, म्हणजे हा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांच्या समित्यांनी, त्या अमलात आणू नयेत. म्हणून प्रत्येक सूचना ‘अशी स्थिती असेल, तर हा उपचार, असा’ या साच्यात लिहावी. स्थिती, उपचार आणि मुदत हे तिन्ही त्यात यावेत. उदाहरणार्थ:

‘मला बरा न होणारा आजार असून तो शेवटच्या टप्प्यात आहे, किंवा मेंदूला झालेल्या इजेमुळे मी माणसे ओळखण्याच्या स्थितीत परत येण्याची वाजवी शक्यता नाही, असे माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आणि वैद्यकीय मंडळांचे मत असेल, आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर माझे हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये, मला व्हेंटिलेटर लावू नये आणि लावलेला असल्यास तो काढावा.’

‘बरे होण्याची शक्यता अनिश्चित असेल, तर व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस जास्तीत जास्त दहा दिवस करून पाहावे. त्या मुदतीत डॉक्टरांच्या मते सुधारणा झाली नाही आणि वरील स्थिती निर्माण झाली, तर ते थांबवावे.’

मुदत घातलेले हे दुसरे कलम बहुतेक नमुन्यांत नसते आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त तेच आहे. घरच्यांना ‘प्रयत्न केला’ हे समाधान मिळते आणि प्रयत्नाला शेवटही मिळतो. मुदत किती ठेवायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे; सर्वांना लागू पडणारा आकडा नाही.

या सूचनांखेरीज पुढील बाबी कागदात असल्याच पाहिजेत:

१. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळखपत्राचा तपशील. कागद करणारी व्यक्ती प्रौढ आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असावी लागते.

२. हा निर्णय स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय किंवा आमिषाशिवाय घेतला आहे, आणि त्याचे परिणाम समजले आहेत, हे विधान.

३. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा थांबवावेत, ते वर सांगितल्याप्रमाणे.

४. प्रतिनिधींची नावे, नाते, पत्ते आणि फोन नंबर.

५. हे इच्छापत्र कधीही रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा हक्क राखून ठेवला आहे, हे विधान.

६. वेदनाशमन आणि शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवावी, ही सूचना. शक्य असल्यास अखेरचे दिवस घरी काढायचे आहेत की रुग्णालयात, हेही लिहावे.

*सावधान:* अवयवदानाची इच्छा असेल तर तिचा उल्लेख येथेच करावा. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव दान करायचे, तर ते काढेपर्यंत शरीर व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. मेंदूमृत्यूच्या चाचण्याही किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. कागदात ‘कोणत्याही स्थितीत व्हेंटिलेटर नको’ असे असेल आणि पाकिटात अवयवदानाचे कार्ड असेल, तर दोन्ही इच्छा एकमेकींना छेद देतात. ‘अवयवदान शक्य असल्यास केवळ त्यासाठी लागणारा काळ व्हेंटिलेटर चालू ठेवण्यास माझी संमती आहे’ हे एक वाक्य हा पेच सोडवते. देहदान त्याहून वेगळे आहे. त्याचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात स्वतंत्रपणे करावा.

मसुदा मराठीत करण्यास हरकत नाही. उलट ज्या भाषेत आपण विचार करतो, त्या भाषेत तो असावा. मात्र अतिदक्षता विभागातले डॉक्टर मराठी वाचणारे असतीलच असे नाही, म्हणून शब्दशः इंग्रजी भाषांतर तयार करून त्यावरही त्याच वेळी सह्या कराव्यात. दोन्हींत फरक पडल्यास कोणता मजकूर ग्राह्य धरावा, हे एका वाक्यात लिहावे.

मसुदा झाला की तो डॉक्टरांना दाखवावा. वकिलांनाही दाखवता आला तर उत्तम. पण दोहोंपैकी एकाचीच निवड करायची असेल, तर मी डॉक्टर निवडेन, कारण या कागदातल्या चुका बहुधा वैद्यकीय असतात.

टप्पा ५: साक्षीदार आणि नोटरी

दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत सही करावी लागते आणि ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावी लागते. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, असे निकालात म्हटले आहे. व्यवहारात याचा अर्थ असा घ्यावा, की प्रतिनिधी म्हणून ज्यांची नावे आहेत ते आणि आपल्या मालमत्तेचे वारस साक्षीदार नसावेत. शेजारी, जुने सहकारी किंवा स्नेही चालतील. ते आपल्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे.

सर्व जण एकाच वेळी, एकाच ठिकाणी असावेत. साक्षीदारांनी घरी सही करायची आणि नंतर कागद एकट्यानेच नोटरीकडे न्यायचा, ही पद्धत टाळावी. साक्षीदार आणि नोटरी, दोघांनाही आपले समाधान नोंदवायचे असते, की ही व्यक्ती स्वेच्छेने आणि समजून सही करत आहे. ते समाधान समोरासमोरच होऊ शकते. चालता येत नसेल तर नोटरींना घरी येण्याची विनंती करावी.

प्रत्येक पानावर सही, खाडाखोड नाही, रिकाम्या जागा आडव्या रेघेने बंद केलेल्या, तारीख आणि ठिकाण लिहिलेले, इतके पाहावे. मुद्रांक कागदाची अट निकालात नाही. नोटरींनी मागितल्यास वाद न घालता त्यावर करावे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करण्याची आवश्यकता नाही.

एकाच वेळी किमान तीन मूळ प्रतींवर सह्या कराव्यात, कारण पुढचा टप्पा प्रतींचाच आहे.

*सावधान:* स्मृतिभ्रंशाचे निदान नुकतेच झाले असेल, तर वेळ दवडू नये. समजण्याची क्षमता टिकून आहे तोवरच हा कागद करता येतो. अशा वेळी सहीच्या आसपासच्या तारखेचे, निर्णयक्षमता शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. निकालात तशी अट नाही, पण पुढे कोणी शंका काढल्यास ते कामी येते.

टप्पा ६: प्रती पोहोचवा

मावशीच्या त्या कागदाची दुसरी बाजू अशी, की मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये होती, आणि तिला दाखल केले तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. कागदातले वाक्य सर्वांना आठवत होते. कागद कोणाच्या हातात नव्हता. लॉकर ही या कागदाची जागा नाही.

एकेक प्रत पुढील ठिकाणी द्यावी:

- प्रत्येक प्रतिनिधीकडे. त्याने तिचा फोटो फोनमध्येही ठेवावा.
- कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, आणि दीर्घ आजार असल्यास त्याच्या तज्ज्ञांकडे. प्रत आपल्या केस पेपरला लावली जाते आहे, हे स्वतः पाहावे.
- महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याकडे, म्हणजे कस्टोडियनकडे. हे अधिकारी कोण, याची चौकशी आरोग्य विभागात करावी. तेथे कोणाला माहिती नसेल, तर प्रत लेखी पत्रासह आवक विभागात द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय परतू नये.
- आयुष्मान भारत आरोग्य खाते, म्हणजे आभा, किंवा अन्य डिजिटल आरोग्य नोंद असल्यास तेथेही ती जोडता येते. डॉक्टरांना कागदाचा खरेपणा पडताळण्यासाठी कस्टोडियन आणि डिजिटल नोंद हेच दोन मार्ग निकालात सांगितलेले असल्याने, यांपैकी किमान एक पुरा करावाच.
- घरात, औषधांच्या डब्याजवळ, सर्वांना माहीत असलेल्या पाकिटात.

पाकिटात किंवा पर्समध्ये एक छोटे कार्ड ठेवावे: ‘माझे वैद्यकीय इच्छापत्र केलेले आहे. संपर्क:’ आणि पुढे प्रतिनिधींचे फोन नंबर.

कोणाला कोणती प्रत कोणत्या तारखेला दिली, याची यादी मूळ प्रतीसोबत ठेवावी. आत्ता ती अनावश्यक वाटेल. आठव्या टप्प्यात तिची गरज पडते.

टप्पा ७: वेळ आल्यावर प्रतिनिधीने काय करावे

हा भाग प्रतिनिधीने वाचावा, म्हणून त्याची प्रत त्याला वेगळी काढून द्यावी.

रुग्णालयात दाखल करतानाच इच्छापत्राची प्रत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना द्यावी आणि ती मिळाल्याची नोंद केस पेपरवर करून घ्यावी. प्रकृती खालावेपर्यंत थांबू नये. हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन करू नये, ही इच्छा असेल तर ती या वेळी स्वतंत्रपणे बोलून दाखवावी. डॉक्टरांचा तसा लेखी आदेश केस पेपरवर नसेल, तर रात्रपाळीचे कर्मचारी प्रयत्न करणारच, आणि तो त्यांचा दोष नसतो.

पुढची प्रक्रिया अशी असते. उपचार करणारे डॉक्टर कागदाचा खरेपणा पडताळतात. त्यानंतर रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले, किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. ते मत उपचार थांबवण्याच्या बाजूने असेल, तर दुय्यम मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तेवढ्याच अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ असतात. त्यांचे मतही शक्यतो ४८ तासांत अपेक्षित असते. दोन्ही मते जुळली आणि प्रतिनिधीने संमती दिली, की रुग्णालय संबंधित प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना निर्णय कळवते आणि मग तो अमलात येतो. न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे हे रुग्णालयाचे काम आहे. त्यासाठी कुटुंबाने न्यायालयाच्या पायऱ्या चढायच्या नसतात.

दुय्यम मंडळाने परवानगी नाकारली, तर प्रतिनिधीला किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते.

प्रक्रिया रुग्णालयाला अपरिचित असण्याची शक्यता गृहीत धरावी. ‘आमच्याकडे असे करत नाहीत, हवे तर सही करून घरी घेऊन जा’ असे उत्तर मिळू शकते. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेल्याची सही करण्याची घाई करू नये. तसे केल्यास रुग्ण वेदनाशमनाच्या सोयीशिवाय घरी येतो, आणि सगळ्यांचेच हाल होतात. वैद्यकीय अधीक्षकांना भेटून, २०२३च्या निकालाप्रमाणे प्राथमिक मंडळ नेमावे, असा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. घरी न्यायचेच असेल, तर आधी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांशी बोलून औषधे, ऑक्सिजन आणि शुश्रूषेची व्यवस्था करून मग न्यावे.

*तपासा:* वेदनाशमनाची औषधे चालू आहेत का, हे प्रतिनिधीने दर पाळीला विचारावे. मंडळांच्या गडबडीत हीच गोष्ट मागे पडते.

टप्पा ८: उजळणी, बदल आणि रद्द करणे

दर दोन वर्षांनी, तसेच नवे गंभीर निदान झाल्यावर, जोडीदाराच्या निधनानंतर किंवा प्रतिनिधी दूर राहायला गेल्यावर कागद पुन्हा वाचावा. बदल नसेल तर ‘वाचले, आजही हीच इच्छा आहे’ असे लिहून तारीख व सही करून ठेवावे. ही कायद्याची अट नाही, पण दहा वर्षांपूर्वीचा कागद पाहून ‘तेव्हाची गोष्ट वेगळी होती’ असे म्हणणाऱ्याला ते उत्तर असते.

बदल करायचा असेल, तर जुन्या कागदावर पेनाने दुरुस्ती करू नये. बदल किंवा रद्द करणे लेखीच हवे आणि त्याची पद्धत मूळ कागदासारखीच असते: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. एकापेक्षा अधिक वैध इच्छापत्रे सापडल्यास शेवटी सही केलेले ग्राह्य धरले जाते. तरीही नव्या कागदात ‘अमुक तारखेचे पूर्वीचे इच्छापत्र मी रद्द करत आहे’ हे वाक्य लिहावे.

मग सहाव्या टप्प्यातली यादी काढावी आणि एकेका नावापुढे खूण करत जावे. प्रतिनिधी, डॉक्टर, कस्टोडियन, डिजिटल नोंद, घरातले पाकीट, यांपैकी प्रत्येक ठिकाणी नवी प्रत द्यावी आणि जुनी परत घ्यावी. प्रतिनिधीच्या फोनमधला जुना फोटो समोर बसून पुसायला सांगावा आणि नव्या प्रतीचा काढायला लावावा. पाकिटातल्या कार्डावरचे फोन नंबरही त्याच दिवशी लावून पाहावेत.